पाच वर्षांनी उघडायची बिअर: एका घरगुती बार्लीवाइनची हकीकत

पार्श्वभूमी

हे प्रकरण बहीण-भावाचं आणि त्यांच्या बार्लीवाइनचं, म्हणजे वाइनच्या जवळ जाणाऱ्या कडक बिअरचं आहे. ओळख पटू नये म्हणून नावं देत नाही. ताई आणि धाकटा एवढंच पुरे. धाकटा चार वर्षांपासून घरी बिअर करत होता. त्याचा हात हॉप्सवाल्या (हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) बिअरमध्ये बसलेला: पेल एल, आयपीए (इंडिया पेल एल), मध्येच एखादी गव्हाची. ताई स्वतः बिअर करत नसे, पण बाटल्या धुण्यापासून हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजायची नळी) वाचण्यापर्यंत सगळ्यात तिचा हात असायचा, आणि तिची जीभ त्याच्यापेक्षा तिखट. मी त्यांचा मित्र. मोठं भांडं माझ्याकडे होतं, म्हणून या गोष्टीत आलो.

ताईला पाच वर्षांसाठी दूरच्या गावी नोकरीला जायचं होतं. निघायला सहा महिने होते. धाकट्याच्या डोक्यात आलं की दोघांनी मिळून एक बिअर करायची, निम्म्या बाटल्या तिने न्यायच्या, निम्म्या त्याने ठेवायच्या आणि पाच वर्षांनी एकत्र बसून शेवटची उघडायची. कल्पना छानच होती. पण तोपर्यंत त्याची एकही बिअर तीन महिन्यांपलीकडे उरलेली नव्हती.

अडचण काय होती

धाकट्याचा पहिला बेत डबल आयपीएचा. त्याचा हिशोब सरळ होता: दारूचं प्रमाण आठ टक्के, कडवटपणा भरपूर, म्हणजे टिकणारच. वर इतिहासाचा दाखला. "ताई, आयपीए तर जहाजातून हिंदुस्थानात यायची. चार-सहा महिने समुद्रावर. तिला काही झालं का?"

दाखला खोटा नाही, अर्धा आहे. त्या काळच्या निर्यातीच्या एल मुरवूनच प्यायच्या असत, आणि प्रवासातही त्या मुरत जात. आजच्या डबल आयपीएची सगळी मिजास वासावर असते, आणि हॉप्सचा वास बाटलीत सगळ्यात आधी मरतो. कडवटपणाही जागेवर राहत नाही. उकळताना तयार झालेली आयसो-अल्फा आम्लं महिन्यागणिक मोडत जातात. मागे उरतो तो आधी हॉप्सखाली दडलेला, चिकट गोडवा.

वाद तोंडी मिटला नाही, बाटलीने मिटला. धाकट्याच्या फळीमागे विसरलेली अकरा महिन्यांची आयपीए सापडली. रंग तांबूस झालेला. वास घेतला तर संत्र्याच्या सालीचा मागमूस नाही. मध, आणि त्यामागे ओल्या पुठ्ठ्याचा वास. तो पुठ्ठ्याचा वास ट्रान्स-२-नोनेनल नावाच्या संयुगाचा, आणि अतिसूक्ष्म प्रमाणातही तो नाकाला कळतो. ताईने ग्लास खाली ठेवला आणि म्हणाली, "हे मी पाच वर्षं सांभाळायचं?"

त्या संध्याकाळी प्रश्न बदलला. "कोणती बिअर टिकेल?" हे विचारायचं सोडून आम्ही "कोणत्या बिअरचं जुनं होणं आपल्याला आवडेल?" असं विचारायला लागलो. पाच वर्षांत कुठलीच बिअर आहे तशी राहत नाही. हवा थोडी का होईना आत जातेच, आणि चवी मोडतातच. मोडलेल्या चवीच्या जागी काय येतं, निवड त्यावर करायची. मला हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय वाटतो, आणि तो एकही दाणा दळण्याआधी झाला.

कोणते पर्याय तपासले

डॉपेलबॉक ही कडक जर्मन बिअर लवकर बाद झाली. माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा) दाट, ब्रेडच्या कडेसारखा स्वाद जुना होताना टॉफीकडे झुकतो, ते बरंच. पण ती लागर, आठवडेच्या आठवडे थंड ठेवायची, आणि तेवढी जागा कुणाच्याच फ्रिजमध्ये नव्हती. शिवाय सात-आठ टक्क्यांची बिअर पाच वर्षांच्या शेवटाला जरा पातळ पडेल अशी मला शंका होती.

बेल्जियन पद्धतीची गडद, कडक एल चांगली उमेदवार होती. तिच्यात सुक्या अंजिराची, मनुकांची चव सुरुवातीपासून असते आणि ती वाढते. केळ्याचा वास देणारं आयसोअमाइल ॲसिटेट मात्र वर्षभरात बरंचसं ओसरतं. हा वास जाणं धाकट्याला नको होतं, ताईला हवंच होतं. शेवटी लवंगेसारखा यीस्टचा वास तिला मुळातच आवडत नाही म्हणून हा पर्याय पडला. कारण शास्त्रीय नव्हतं, पण बिअर प्यायची तिलाच होती.

ब्रेटानोमायसिस (थोडक्यात ब्रेट) हे रानटी यीस्ट घातलेल्या आंबट बिअरवर माझा स्वतःचा जीव होता. बाटलीत इतकी वर्षं खरोखर जिवंत राहणारी तीच. हे यीस्ट साध्या यीस्टला न पचणारे डेक्स्ट्रिन (साखरेच्या लांब साखळ्या) हळूहळू खात राहतं, आत शिरलेला थोडा प्राणवायूही फस्त करतं. बेल्जियममधले लांबिक ही रानटी यीस्टची आंबट बिअर करणारे एक, दोन आणि तीन वर्षांची पिंपं मिसळून ग्योझ नावाची बिअर करतात ते उगीच नाही. पण इथेच अडचण होती. ब्रेटला निवांत वेळ लागतो, आणि ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत बिअरची घनता, साखर संपते तशी ती उतरते) उतरायची खरोखर थांबली हे कळायलाच वर्ष जातं. आमच्या हातात सहा महिने होते. ग्रॅव्हिटी १.०१० वर असताना बाटली बंद करायची आणि ब्रेटने ती पुढे १.००२ पर्यंत खाली नेली तर आतला दाब साधी बाटली सोसणार नाही. त्यात नळ्या आणि प्लॅस्टिकची बादली वेगळी ठेवावी लागते, नाहीतर पुढच्या प्रत्येक पेल एलमध्ये ब्रेट पाहुणा.

खरी लढत झाली ती इम्पीरियल स्टाउट आणि इंग्लिश धाटणीची बार्लीवाइन यांच्यात.

स्टाउटच्या बाजूने बरंच काही होतं. दहा टक्के दारू, भाजलेल्या माल्टचा दाटपणा, आणि गडद माल्टमधली संयुगं हवेचा मारा काही काळ अंगावर घेतात. तरुणपणी कोळशासारखी कडू असणारी स्टाउट दोन वर्षांत चॉकलेटकडे वळते. पण धाकट्याला तिच्यात कॉफी आणि व्हॅनिला घालायची होती, आणि याच दोन चवी सगळ्यात आधी जातात. जुन्या कॉफी-बिअरला ढोबळ्या मिरचीसारखा हिरवट वास येतो, हा अनुभव बऱ्याच जणांचा आहे. नुसती स्टाउट करायची म्हटलं तर त्याचा उत्साह निम्मा होत होता. शिवाय भाजक्या बिअरमध्ये यीस्ट मरून फुटलं की सोया सॉससारखी खारट-मांसल चव येते आणि ती मागे नेता येत नाही.

बार्लीवाइनचं पारडं जड झालं कारण तिला जे होणार होतं ते आम्हाला हवंच होतं. हवेने मोडलेल्या माल्टमधून शेरीची, सुक्या मनुकांची, भाजक्या साखरेची चव येते. जुन्या बिअरमध्ये सापडणारं सोटोलॉन हे संयुग माडेरासारख्या वाइनच्या वासातही असतं. म्हणजे आयपीएत जो दोष, तोच इथे साज. पूर्वसुरीही होते: डॉर्चेस्टरच्या एल्ड्रिज पोप ब्रुअरीने १९६८ मध्ये थॉमस हार्डीज एल काढली ती वर्षानुवर्षं ठेवून प्यायची म्हणूनच. अमेरिकन धाटणीची, हॉप्स ओतलेली बार्लीवाइन मात्र आम्ही मुद्दाम टाळली. तिच्यात पुन्हा आयपीएचाच प्रश्न आला असता.

काय केलं

बेत असा होता: २० लिटर, सुरुवातीची ग्रॅव्हिटी १.१००, मॅरिस ऑटर माल्ट १० किलो, अर्धा किलो क्रिस्टल माल्ट, ईस्ट केंट गोल्डिंग्ज या हॉप्सचा, सुरुवातीलाच घातलेला साधारण ६० आयबीयूचा (आयबीयू हे कडवटपणाचं माप) कडवटपणा. कडवटपणा जास्त वाटेल, पण पाच वर्षांत त्यातला बराच जाणार हे धरलेलं होतं. उशिरा घालायचे सुवासिक हॉप्स शून्य. धाकट्याला हे फार जड गेलं. दोनदा त्याचा हात पाकिटाकडे गेला.

पहिला फटका मॅशमध्ये, म्हणजे दळलेलं धान्य गरम पाण्यात भिजवताना बसला. नेहमीच्या पाच किलोंऐवजी साडेदहा किलो धान्य त्याच भांड्यात. लापशी इतकी घट्ट की साखर नीट निथळेना. उकळण्याआधी २६ लिटर वर्ट (धान्यातून निथळलेलं गोड पाणी) मिळाला, ग्रॅव्हिटी फक्त १.०६७. २० लिटरपर्यंत आटवला असता तर १.०८७ वर थांबलो असतो.

तिथे तीन वाटा होत्या. १.०८७ मान्य करायची. माल्ट एक्स्ट्रॅक्ट (माल्टचा तयार अर्क) घालून ग्रॅव्हिटी वाढवायची. किंवा उकळत राहायचं. साखर घालू असं धाकटा म्हणाला, पण नुसत्या साखरेने दारू वाढते आणि अंग बारीक होतं, आणि मुरवायच्या बिअरला अंग हवं. एक्स्ट्रॅक्ट हाताशी नव्हता. आम्ही उकळत राहिलो, नेहमीच्या एका तासाऐवजी तीन तास. १७ लिटर उरलं, ग्रॅव्हिटी १.१०१. रंग दोन छटा गडद झाला आणि स्वयंपाकघराच्या भिंतींना घाम फुटला. तीन लिटर कमी मिळाले, पण त्या जास्तीच्या उकळण्याने आलेली टॉफीची चव पुढे पाच वर्षं टिकली. नशिबाने पडलेला डाव, आमची करामत नाही.

जाता जाता: त्याच धान्यावर पुन्हा गरम पाणी ओतून जो पातळ वर्ट निघाला त्याची साडेतीन टक्क्यांची हलकी बिअर झाली. ती सहा आठवड्यांत संपली. वाट बघायची ताकद त्या हलक्या बिअरने दिली असं मला अजून वाटतं.

दुसरा फटका किण्वनात. कोरड्या इंग्लिश यीस्टची दोन पाकिटं घातली, १९ अंशांवर दोन दिवस फेस खळाळला. पाचव्या दिवशी धाकट्याने बादली थंड खोलीत हलवली, कारण "उष्णतेने दारूचा जळका वास येतो." भीती रास्त होती, वेळ चुकली. तापमान १५ वर उतरलं. हे यीस्ट तसंच तळाशी बसायला उतावीळ, ते बसलं. बाराव्या दिवशी ग्रॅव्हिटी १.०४०, आणि पुढे चार दिवस तीच.

एअरलॉक (बादलीतला वायू बाहेर सोडणारी झाकणावरची नळी) शांत, बिअर स्वच्छ, वरून पाहता काम संपल्यासारखं. धाकट्याला बाटल्या भरायच्या होत्या. इथे ताईने हायड्रोमीटर पुढे केला. १.१०० च्या बिअरने १.०४० वर थांबणं म्हणजे साठ टक्केच साखर संपली, आणि हे यीस्ट पंचाहत्तरच्या आसपास जातं. ग्रॅव्हिटीचा एक अंक (०.००१) बाटलीत उतरला तर साधारण अर्धा व्हॉल्यूम, म्हणजे बिअरच्या निम्म्या आकारमानाइतका, कार्बन डायऑक्साइड होतो. बारा अंक उतरले तर सहा व्हॉल्यूम, आणि साधी बाटली तीनच्या पुढे धोक्यात. थोडक्यात, फळीवर चाळीस बॉम्ब.

बादली २० अंशांच्या खोलीत आणली, तळाचं यीस्ट हलक्या हाताने घुसळून वर काढलं. तीन दिवसांत दोन अंक उतरले, मग पुन्हा थांबलं. कोरडं यीस्ट तसंच भुरभुरलं तर आठ टक्के दारूत त्यातलं बरंचसं पडल्या पडल्या मरतं. म्हणून जास्त दारू सोसणाऱ्या दुसऱ्या यीस्टचा लिटरभर स्टार्टर (आधी वेगळं वाढवलेलं विरजण) केला आणि तो ऐन फेसावर असतानाच आत ओतला. तीन आठवड्यांनी १.०२८. दारू साधारण साडेनऊ टक्के. त्यावर मग बिअर तळाच्या गाळावरून काचेच्या मोठ्या बरणीत काढून तीन महिने ठेवली.

बाटल्या भरताना शेवटचा वाद. तीन महिने निवळलेल्या, साडेनऊ टक्क्यांच्या बिअरमध्ये जिवंत, दमदार यीस्ट फारसं उरत नाही. भरताना थोडं ताजं घालावं असं मी आणि ताई म्हणत होतो. धाकट्याचं म्हणणं, आजवर कधी लागलं नाही. बाटलीत फेस धरावा म्हणून दोन व्हॉल्यूमच्या हिशोबाने ६६ ग्रॅम साखर घालून त्याने भरायला सुरुवातही केली. बावीस बाटल्या झाल्यावर तो थांबला, काय मनात आलं कोण जाणे, आणि म्हणाला, "बरं, उरलेल्यांत घाला." मग बावीस बिनयीस्टच्या, बावीस यीस्टच्या, सगळ्यांना प्राणवायू शोषणारी झाकणं. धाकट्याने झाकणांवर ठिपके केले म्हणून पुढे फरक तरी कळला.

पुढे काय झालं

ताई वीस बाटल्या सामानाबरोबर घेऊन गेली, दोन्ही प्रकारच्या दहा-दहा. तिचं नवं घर गरम. उन्हाळ्यात खोली तीस अंशांवर. धाकट्याच्या चोवीस बाटल्या जमिनीलगतच्या बंद कपाटात, १६ ते २० अंशांमध्ये. प्रयोग करायचा म्हणून कुणी केला नव्हता, पण झाला.

सहा महिन्यांवर दोघांनी आपापली पहिली उघडली. दोन्हीकडे निराशा: गरम दारूचा झणका, वर कच्चा कडवटपणा. बिनयीस्टची तर जवळजवळ सपाट. धाकट्याने फोनवर सांगितलं की बहुतेक बिघडली. ती बिघडली नव्हती, कोवळी होती.

चौदा महिन्यांवर ताईचा फोन आला तो ओरडतच. मनुका, जळकी साखर, शेरी. तिच्या गरम खोलीतल्या बाटलीने धाकट्याच्या बाटलीला मागे टाकलं होतं. यात नवल नाही. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा रासायनिक क्रिया दुप्पट-तिप्पट वेगाने होतात. पण तिने त्याचा अर्थ "माझ्याकडे चांगली मुरते" असा घेतला आणि आनंदाने उघडत गेली. खरं तर तिची बिअर घाईने म्हातारी होत होती. अडीच वर्षांवर तिच्या बाटल्यांत पुठ्ठा डोकावू लागला, मागोमाग सोया. तोवर तिच्याकडे चारच उरल्या होत्या. तिने त्यांतल्या बऱ्याच ऐन भरात असताना पिऊन टाकल्या होत्या. घाई केली म्हणून तिला आम्ही हसलो, पण हिशोब तिचाच बरोबर निघाला.

धाकट्याच्या कपाटातली तीन वर्षांवर शिखरावर आली. मी ती प्यायलो आहे. कडवटपणा पार आत विरलेला, दारू जाणवते ती फक्त छातीत, आणि गिळल्यावर टॉफी बराच वेळ जिभेवर. मी म्हटलं, ताईला बोलाव, आता उघडा. तो म्हणाला, पाच वर्षं ठरलंय.

पाच वर्षांनी ती परतली तेव्हा त्याच्याकडे सात होत्या, तिच्याकडे दोन. तिच्या दोन्ही ओतून दिल्या. त्याची यीस्टची बाटली उघडली: बारीक फेस, शेरी, अक्रोडाच्या सालीसारखा तुरटपणा. चांगली होती. तीन वर्षांवरची नव्हती. मधला दाटपणा ओसरला होता. बिनयीस्टची बाटली वाइनसारखी सपाट, आणि ताईला, कुणाला सांगू नका, तीच जास्त आवडली.

कुठे वेगळं वागता आलं असतं

शैलीची निवड पुन्हा करायची झाली तरी मी तीच करेन. मला खटकतं ते दुसरंच. उघडायची तारीख आम्ही बिअरकडे न बघता ठरवली. पाच वर्षं ही ताईच्या नोकरीची मुदत होती, साडेनऊ टक्क्यांच्या बिअरची नव्हती. तारीख हलणारच नसेल तर बिअर तशी बांधायला हवी होती: ग्रॅव्हिटी १.११५ च्या आसपास, थोडा अधिक कडवटपणा, आणि सगळ्या बाटल्या थंड कपाटात. नाहीतर उलट, बिअर आपली आणि तारीख सैल. तिसऱ्या वर्षीच्या त्या बाटलीनंतर धाकट्याला फोन उचलायला कुणाची हरकत होती?

बाटल्यांची वाटणी भावनेने झाली. तिला वीस देण्याऐवजी सहा देऊन बाकीच्या कपाटात ठेवल्या असत्या तर तिच्या शेवटच्या बाटल्या वाया गेल्या नसत्या. पण मग चौदाव्या महिन्यातला तो फोनही आला नसता, त्यामुळे इथे मी ठाम नाही.

मॅशच्या बाबतीत उत्तर सोपं आहे. भांडं तेवढंच असेल तर बॅच लहान करावी. दहा लिटर धड जमले तर बेताच्या निम्मे का होईना, तीन तासांची वाफ आणि पडलेल्या ग्रॅव्हिटीची धाकधूक वाचते. किण्वनात थंडावा द्यायचाच तर पहिले दोन-तीन दिवस, यीस्ट जोरात असताना. नंतर उलट अंशभर गरम करावं. आम्ही नेमकं याच्या विरुद्ध केलं. भरताना ताजं यीस्ट घालण्यावर तर आता घरात वाद नाही.

तपासणीच्या बाटल्या वेगळ्या काढल्या नव्हत्या, हीसुद्धा चूक. तीस मिलीलिटर चाखायला आख्खी बाटली उघडावी लागायची, आणि उघडली की संपायची. दर सहा महिन्यांना एक अशा दहा लहान बाटल्या भरल्या असत्या तर शिखर कधी आलं ते नेमकं कळलं असतं.

धाकट्याकडे आता पाच उरल्या आहेत. ताई म्हणते या आठवड्यात संपवू. तो म्हणतो सातव्या वर्षी काय होतं ते बघू. मी मागच्या वेळी तिकडे गेलो तेव्हा कपाटाला कुलूप होतं.